गाझियाबादेतली उत्तम शिक्षा

नव्याण्णव साली गाझियाबादेत दोन गोष्टी जिकडेतिकडे उगवत होत्या. बिल्डरांच्या पाट्या आणि कॉम्प्युटरचे क्लास. जिथे परवापरवापर्यंत फ्लॉवरचं शेत होतं तिथे ‘स्वर्ग अपार्टमेंट’ उभं राहायचं, आणि स्वर्गाला जिना व्हायच्या आधीच त्याच्या तळमजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास सुरू झालेला असायचा. अशा वस्तीत आमच्या ‘महाराष्ट्र स्नेहवर्धिनी’ प्राथमिक शाळेकडे कॉम्प्युटर नसणं म्हणजे लग्नात अनवाणी उभं राहण्यासारखं होतं. शेवटी एका भल्या कारखानदाराला आमची दया आली. त्याने एक कॉम्प्युटर दिला आणि शाळेच्या टेलिफोनला इंटरनेट जोडून दिलं.

मी शाळा समितीचा चिटणीस. म्हणजे बैठकीत सगळे बोलून दमले की त्यांनी काय बोलायला हवं होतं ते मी वहीत लिहीत असे. त्यामुळे ही हकिगत सांगायचा अधिकार माझा आहे. तिच्यातला थोडा दोषही माझा आहे, पण तो यथावकाश.

कॉम्प्युटर आला आणि तो ठेवायचा कुठे यावरून जुंपली.

आमचे अध्यक्ष अण्णासाहेब निमकर केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सहसचिव म्हणून निवृत्त झालेले. दिल्लीत चाळीस वर्षं काढलेली. मौल्यवान वस्तू वापरली की झिजते, असं त्यांचं प्रशासकीय मत होतं. कॉम्प्युटर त्यांना स्वतःच्या खोलीत हवा होता, क्रीडास्पर्धेची ढाल आणि आग विझवायचं नळकांडं यांच्या मधोमध, वर झालर लावलेलं कापड घालून.

आणि चौथीच्या अलकाबाई सबनीस यांना तो चौथीच्या वर्गात हवा होता. अलकाबाई लग्न होऊन तीन वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातून दिल्लीला आलेल्या. राहायला सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. तिथून दोन बस बदलून त्या रोज गाझियाबादेत वेळेवर पोचायच्या, आणि त्यामुळे शाळेच्या शेजारी राहणारे शिक्षक त्यांच्यावर मनातून नाराज असत.

“मुलं मोडतील,” अण्णासाहेब बैठकीत म्हणाले.

“मोडलं तर जोडायला शिकतील,” अलकाबाई म्हणाल्या.

“अलकाबाई, हे काही उत्तर नव्हे.”

“मग तुमचा प्रश्न तरी कुठे प्रश्न होता?”

मी वहीत लिहिलं : ‘खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली.’

अखेर अण्णासाहेबांनी निवाडा केला. यंत्र एक महिना चौथीत राहील. तेवढ्यात मुलांनी महाराष्ट्रातल्या एखाद्या शाळेशी इंटरनेटवरून पत्रव्यवहार करून दाखवायचा. शनिवार, अकरा डिसेंबर, दुपारी अडीच वाजता समितीसमोर पडद्यावर त्या शाळेचं उत्तर दिसलं, तर कॉम्प्युटर कायमचा चौथीचा. नाही दिसलं, तर तो अध्यक्षांच्या खोलीत जाईल. झालरीचं माप त्यांनी त्याच संध्याकाळी घेतलं.

चौथीत एकतीस मुलं. बापलोक कुणी पोस्टात, कुणी रेल्वे बोर्डात, कुणी हिशेब तपासणाऱ्या कचेरीत. घरी मराठी, जिन्यात हिंदी, शाळेत ज्याची गरज पडेल ते. पहिल्याच दिवशी अलकाबाई म्हणाल्या होत्या, “मला मॅम नाही, बाई म्हणायचं.” त्यावर वैभवी नावाची मुलगी काळजीने म्हणाली, “पण मॅम, बाई तर भांडी घासायला येते.” तो विषय बाईंनी तिथेच तहकूब केला.

मुलं कॉम्प्युटर ज्या वेगाने शिकली तो वेग मी सरकारी नोकरीत कधी पाहिला नव्हता. प्रत्येकाच्या वाट्याला माऊस पाच मिनिटं यायचा आणि त्या पाच मिनिटांची वाट पाहताना उरलेला वर्ग अक्षरशः श्वास धरून असायचा. इंटरनेट लागताना त्या यंत्रातून आवाज यायचा, जिवंत कोंबडी कढईत सोडल्यासारखा. सना शिकलगार तो आवाज तोंडाने हुबेहूब काढायची. टेलिफोनची लाईन एकच होती. कुणी ऑफिसातला रिसीव्हर उचलला की वर्गातलं इंटरनेट तुटायचं आणि एकतीस मुलं एका सुरात “अरे यार!” म्हणायची. “यार म्हणायचं नाही,” बाई म्हणायच्या. “अच्छा, सॉरी,” मुलं म्हणायची.

शाळाही बाईंनीच शोधली. करंजवाडी खुर्द, त्यांच्या माहेरच्या तालुक्यातलं गाव. तिथल्या शाळेत कॉम्प्युटर नव्हता, फोनसुद्धा नव्हता. पण तालुक्याच्या बाजारात दीनानाथ नावाच्या माणसाने एसटीडी, झेरॉक्स आणि इंटरनेट अशा तिन्ही गोष्टी एका टपरीत बसवल्या होत्या. ठरलं असं की दिल्लीची ई-मेल दीनानाथ कागदावर छापेल, कागद एसटीच्या कंडक्टरला देईल आणि कंडक्टर तो करंजवाडीच्या फाट्यावर मुख्याध्यापक गुलाबरावांच्या हाती ठेवेल. उत्तर उलट्या वाटेने येईल. जगाच्या पाठीवर ई-मेलला तिकीट न काढता एसटीत बसायला मिळालं ते बहुधा इथेच.

पत्र लिहायच्या दिवशी नेमकं अण्णासाहेबांनी बाईंना खोलीत बोलावून घेतलं, माऊस सुस्थितीत आहे अशा दाखल्यावर तीन प्रतींत सह्या करायला. जाताना बाई मला म्हणाल्या, “चिटणीससाहेब, पत्र तेवढं एकदा नजरेखालून घाला आणि मग पाठवू द्या.”

मी घातलं. आता तो दोष.

कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं नव्हती, त्यामुळे मुलांनी इंग्रजी लिपीत मराठी लिहिलं होतं. ते असं :

‘प्रिय मित्रांनो, नमस्ते. आमच्या शाळेत फार चांगली शिक्षा मिळते. सकाळी साडेसातला शिक्षा सुरू होते आणि दीड वाजेपर्यंत चालते. अलका मॅम सर्वात चांगली शिक्षा देतात. पहिले त्या फक्त पुस्तकाने शिक्षा द्यायच्या, आता कॉम्प्युटरनेही देतात. कॉम्प्युटरने शिक्षा घ्यायला खूप मजा येते. आमचे मम्मी-पापा म्हणतात की लहानपणी चांगली शिक्षा मिळाली तर माणूस मोठा होतो. तुम्हाला रोज किती शिक्षा मिळते? तुमच्या गावात मुलींनाही शिक्षा देतात का? जरूर लिहा. तुमची, चौथी अ.’

मी चष्मा लावून दोनदा वाचलं. मला ते हृदयस्पर्शी वाटलं. ‘पापा’ खोडून ‘वडील’ करायला सांगितलं आणि भाषेची सेवा केल्याच्या समाधानात पत्र पाठवायला परवानगी दिली. तेव्हा मला दिल्लीत एकतीस वर्षं झाली होती. माझ्यापुरता एवढाच खुलासा.

मग तीन आठवडे उत्तराचं नाव नाही. रोज सकाळी मुलं कोंबडी कढईत सोडायची, पडदा उघडायची, आणि पडद्यावर काहीही नसायचं. अकरा तारीख जवळ आली. अण्णासाहेबांकडे झालर शिवून आली.

शनिवारी अडीच वाजता समिती चौथीच्या वर्गात बसली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून दोन सदस्य मुलांच्या बाकांत अडकले. मुलं घरी गेलीच नव्हती. ऋग्वेद नावाचा चष्मेवाला मुलगा कॉम्प्युटरसमोर, त्याच्या डाव्या हाताला सना, उजवीकडे वैभवी. अलकाबाई फळ्याशी हातात खडू घेऊन उभ्या होत्या आणि त्या खडूची त्यांनी एव्हाना पूड केली होती.

कोंबडी ओरडली. लाईन लागली. ऋग्वेद किंचाळला, “आलं! मॅम, आलं!”

सगळा वर्ग बाकांवर चढला. समितीनेही टाळ्या वाजवल्या. “शांतता,” अण्णासाहेब म्हणाले. “पत्र मी स्वतः वाचणार.” उद्घाटन म्हटलं की ते इतरांवर सोडत नसत. त्यांनी चष्मा पुसला आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

‘गाझियाबादच्या बालमित्रांस गुलाबराव मुख्याध्यापकाचा आशीर्वाद. तुमचे पत्र वर्गात वाचले. वर्ग सुन्न झाला. आमच्याकडे शिक्षा कधीच बंद झाली आहे. गावाने मिळून तसे ठरवले. मुलींना शिक्षा देणे तर आम्ही पाप समजतो. तुमच्या शाळेनेही शिक्षा ताबडतोब थांबवावी, असा ठराव ग्रामसभेने केला आहे. आज शनिवार, अर्धी शाळा, म्हणून मी दीनानाथच्या दुकानात थांबून आहे. तुमच्या अध्यक्षांनी मला उत्तर द्यावे. मुलांनो, धीर धरा.’

अण्णासाहेबांचा चेहरा वाचतावाचता लाल होत गेला होता.

“पाप?” ते म्हणाले. “मुलींच्या शिक्षेला हा गृहस्थ पाप म्हणतो? एकविसावं शतक वीस दिवसांवर आलंय! आणि शाळा बंद करा म्हणून ठराव? महाराष्ट्रात? जिथे मुलींची शाळा निघाली तेव्हा इथल्या लोकांना—”

“शेम, शेम,” बाकात अडकलेले सदस्य म्हणाले.

मी वहीत ‘तीव्र नापसंती’ लिहिलं.

त्या खोलीत एकाच माणसाचा चेहरा पांढरा पडला होता, तो अलकाबाईंचा. त्यांनी मुलांच्या पत्राची प्रत टेबलावरून ओढून घेतली, वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. घरीसुद्धा.

“अण्णासाहेब, एक मिनिट,” त्या म्हणाल्या. “तो शब्द जो आहे ना—”

“अलकाबाई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तुम्ही मध्ये पडू नका. मुलांच्या पत्रात काही चूक झाली आहे का? नाही ना? झाली असेल तर तसं सांगा, यंत्र आत्ता उचलतो.”

बाईंनी तोंड मिटलं. अट पुरी झाली होती, उत्तर पडद्यावर होतं, कॉम्प्युटर चौथीचा झाल्यात जमा होता. एक मिनिट गप्प राहिलं तर काय बिघडणार होतं? माणसं मोठमोठी संकटं अशीच एकेक मिनिटाने ओढवून घेतात.

“बेटा, लिही,” अण्णासाहेब ऋग्वेदच्या मागे उभे राहून सांगू लागले. “शिक्षा हा प्रत्येक बालकाचा हक्क आहे. आमची संस्था बावीस वर्षं शिक्षा देत आहे. गरिबांना मोफत.”

टक टक टक टक, ऋग्वेद लिहीत होता.

“आम्ही तीन वर्षांच्या बालकापासून सुरुवात करतो. मी स्वतः लग्नानंतर माझ्या पत्नीला पाच वर्षं शिक्षा दिली. तिचे आईवडीलही त्यामुळे फार आनंदित झाले. आज ती कॉलनीतल्या इतर बायकांना शिक्षा देते.”

फळ्याकडून एक बारीक आवाज आला. अलकाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. मला वाटलं, त्या गहिवरल्या.

पत्र गेलं. सात मिनिटांत उत्तर आलं. तिकडे गुलाबराव दीनानाथच्या शेजारी स्टुलावर बसून सांगत होते आणि दीनानाथ लिहीत होता.

‘वहिनींची प्रकृती आता कशी आहे? त्यांना आमचा नमस्कार सांगा. आपण एवढे उघडपणे लिहिता, म्हणजे आपल्याला यात काही वावगे वाटत नाही असे दिसते. एक विचारतो. लहान मुलांना शिक्षा नेमकी कशाने देता?’

“बघा, नरमला,” अण्णासाहेब म्हणाले. “माहिती विचारतोय. मुलांनो, कशाने देतो आपण? पूर्वी खडू-फळा. आता?”

“माऊसने!” एकतीस मुलं ओरडली.

“लिही. मुख्यतः माऊसने. प्रत्येक मुलाला पाच-पाच मिनिटं.”

“सर, हेपण लिहू?” मागून धवल म्हणाला. त्याला भर घालायची सवय होती. “माऊसची वायर खूप लांब आहे, म्हणून लास्ट बेंचपर्यंत पोचते.”

“उत्तम मुद्दा. लिही.”

“आणि नंबर लागत नाही तेव्हा काही मुलं रडतात, म्हणजे त्यांना आणखी हवं असतं.”

“फारच छान. तेही.”

हे पत्र गेल्यावर तालुक्याच्या बाजारात काय झालं ते गुलाबरावांनी मला नंतर सांगितलं. शनिवारचा बाजार होता. दीनानाथ पत्र मोठ्याने वाचत होता. कांदे विकायला आलेली माणसं टपरीपुढे उभी होती, एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून रडत होती, आणि वायर नेमकी किती लांब असेल यावर दोन तरुणांनी दोरी आणून अंदाज बांधायला घेतला होता.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी पडद्यावर उत्तर उमटलं.

‘अध्यक्षमहाराज, हद्द झाली. इथे पन्नास माणसं जमली आहेत. आमच्या भागाचे आमदार आज दिल्लीतच आहेत, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात. चार वाजता ते खोलीवर येतात. चारच्या ठोक्याला आम्ही त्यांना फोन लावणार. ते पोलीस घेऊन तुमच्या शाळेत येतील. मुलांनो, घाबरू नका. तोपर्यंत वायरीपासून लांब बसा.’

वैभवीने लगेच आपली खुर्ची मागे ओढली. बाकीच्या वर्गाला पोलीस येणार या कल्पनेने इतका आनंद झाला की दोघांनी खिडकीतली जागा धरली.

“पोलीस?” अण्णासाहेबांचा आवाज चिरकला. “शिक्षा दिली म्हणून पोलीस?”

आता अलकाबाईंना गप्प बसणं शक्य नव्हतं. त्या पुढे आल्या. पडद्याकडे बघत, अगदी हळू आवाजात, पाढा सांगावा तसं म्हणाल्या, “अण्णासाहेब, शिक्षा म्हणजे एज्युकेशन, हे हिंदीत. मराठीत शिक्षा म्हणजे पनिशमेंट.”

खोलीत कॉम्प्युटरचा पंखा ऐकू येऊ लागला.

अण्णासाहेबांनी आपली पत्रं पहिल्यापासून वाचायला घेतली. ‘गरिबांना मोफत’पाशी त्यांनी डोळे मिटले. ‘माझ्या पत्नीला पाच वर्षं’पाशी त्यांनी टेबलाचा आधार घेतला. मग त्यांची नजर खिडकीतून फाटकाकडे गेली. तिथे दोन पुरुष उंचीच्या निळ्या पाटीवर, त्यांच्याच देखरेखीखाली रंगवलेलं आमचं ब्रीद होतं : ‘उच्च संस्कार, उत्तम शिक्षा’. समितीचे सदस्य छताकडे बघू लागले. मी वही मिटली. तिच्यात अकरा वर्षांची इतिवृत्तं होती आणि जवळजवळ प्रत्येक पानावर आम्ही शिक्षेचा प्रसार करत होतो.

“हे ह्या यंत्रामुळे झालं,” अण्णासाहेब शेवटी म्हणाले. “साधं कार्ड टाकलं असतं तर असं झालं नसतं. पोस्टात तीन दिवस जातात, तेवढ्यात माणूस विचार करतो. बंद करा ते. सोमवारी माझ्या खोलीत हलवायचं.”

“पण उत्तर तर आलं ना पडद्यावर!” सना म्हणाली. “तुम्ही प्रॉमिस केलं होतं.”

“पोलिसांचं उत्तर नव्हतं ठरलं.”

“न्या ना,” अलकाबाई म्हणाल्या. “सोमवारी न्या. पण आत्ता पावणेचारला पाच मिनिटं आहेत. तिकडे खुलासा कोण पाठवणार?”

“मी पाठवतो,” अण्णासाहेब म्हणाले आणि ऋग्वेदला उठवून स्वतः बसले. त्यांनी आयुष्यभर टंकलेखकांना मजकूर सांगितला होता. कीबोर्डकडे त्यांनी असं पाहिलं, जणू फाईल चुकीच्या विभागाकडे आली आहे. एक बोट उंच धरलं. ते खाली कुठे ठेवायचं हे एका मिनिटानेही ठरेना. तेव्हा ते मुकाट्याने उठले. ऋग्वेद पुन्हा बसला.

“लिही. आम्ही शिक्षा— नाही. खोड.”

खोडलं.

“लिही. आमच्या शिक्षेचा अर्थ शिक्षा नसून— खोड, खोड.”

शब्दच सापडेना. चाळीस वर्षांत ज्या जागेवर तो ठेवला होता तिथे दुसराच येऊन बसला होता.

“‘एज्युकेशन’ लिहू?” ऋग्वेदने विचारलं.

“नको. पन्नास माणसांना इंग्रजीत कळवलं तर त्यांना आणखी काहीतरी वाटेल.”

“पढाई?” धवल.

“ते परत हिंदीच.”

“माझे दादाजान तालीम म्हणतात,” सना म्हणाली.

“तालमीत तर कुस्ती होते!” अण्णासाहेब ओरडले. “आधीच मारतोय म्हणतात, आता पाडतोयसुद्धा म्हणतील!” मग पुटपुटू लागले, “विद्यादान… अध्यापन… ज्ञानसंवर्धन…”

अलकाबाईंना शब्द ठाऊक होता. पण त्या बोलल्या नाहीत. घड्याळात बारा मिनिटं उरली होती, कॉम्प्युटर हातचा जात होता, आणि ही बाई मुलांकडे बघत वाट पाहत उभी. मला वाटलं, यांना ओरडून सांगावं. पण सांगायला मला तरी कुठे येत होतं?

“मॅम,” वैभवी मागच्या खुर्चीवरून म्हणाली, “तुम्ही आम्हाला रोज काय करता?”

“शिकवते.”

“मग तेच लिहू ना.”

अलकाबाईंनी हातातली खडूची पूड झटकली. “तुम्हीच लिहा,” त्या म्हणाल्या.

मग कुणीच कुणाला सांगितलं नाही. सगळे एकदम सांगू लागले आणि ऋग्वेद त्यातून निवडून लिहू लागला. ‘गुलाबराव सर, मॅम आम्हाला शिकवतात. मारत नाहीत. कधीच नाही. आम्ही हिंदीतला शब्द मराठीत लिहिला, चूक झाली. माऊस म्हणजे साबणाच्या वडीएवढा असतो, त्याने चित्र काढतात. वायर फक्त लांब आहे, ती काही करत नाही. अध्यक्ष सरांनी वहिनींना पण शिकवलं, मारलं नाही. त्यांनाही शब्द माहीत नव्हता. पोलीस पाठवू नका. पाठवले तर चालतील, पण फक्त बघायला.’

“शेवटचं वाक्य काढ,” अण्णासाहेब म्हणाले.

“काढू नकोस,” खिडकीतली मुलं म्हणाली.

ऋग्वेदने सगळं पत्र पुन्हा एकदा वाचलं, पाठवायचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी पडदा गोठला. लाईन तुटली होती.

“कुणी फोन उचलला?” सना कडाडली आणि वर्गाबाहेर धावली. मी मागोमाग. ऑफिसात अण्णासाहेब रिसीव्हर कानाला लावून उभे होते. अस्वस्थ होऊन ते हळूच तिकडे सटकले होते, आमदारांना आपणच आधी गाठावं म्हणून.

“अंकल! ठेवा! नीचे!” सना ओरडली.

केंद्र सरकारच्या माजी सहसचिवांनी रिसीव्हर असा चटकन ठेवला की शेजारची शाईची बाटली कलंडली. “लाईन कट होते ना असं केल्यावर,” सना कमरेवर हात ठेवून म्हणाली. “पहिल्याच दिवशी सांगितलंय सगळ्यांना.”

“मला नव्हतं कुणी सांगितलं,” अण्णासाहेब म्हणाले. अगदी लहान आवाजात.

पुन्हा कोंबडी कढईत. एकदा, लागली नाही. दुसऱ्यांदा, लागली नाही. तीन छप्पन. मुलांनी श्वास धरला. तिसऱ्यांदा सनानेही कोंबडीच्या सुरात सूर मिसळला आणि लाईन लागली. पत्र तीन अठ्ठावन्नला गेलं. मग सगळा वर्ग, सगळी समिती आणि अध्यक्ष एका रिकाम्या पडद्याकडे बघत बसले. चार वाजले. चार पाच. बाहेर एक गाडी थांबली आणि दोन सदस्य बाकांतून सुटायची धडपड करू लागले. दूधवाला होता.

चार वाजून नऊ मिनिटांनी उत्तर आलं. अण्णासाहेबांनी ते वाचायला कुणालाच सांगितलं नाही, पण सगळ्यांनी त्यांच्याचकडे पाहिलं. त्यांनी घसा साफ केला.

‘मुलांनो, इथे माणसं हसून हसून कांद्यांवर पडली आहेत. आमदारांना फोन गेलेला नाही, जाणारही नव्हता. दीनानाथची लाईन एकच, ती तुमच्याशी बोलण्यात अडकली होती. आता आमच्या चौथीचे म्हणणे ऐका. माऊस, वायर, पडदा, आम्ही यातले काही पाहिलेले नाही. तुम्ही दर आठवड्याला आम्हाला कॉम्प्युटर शिकवायचा, आम्ही तुम्हाला मराठी शब्द शिकवू. दोन्ही चौथ्या बरोबरीत. अट एकच. पत्रे मुलांनीच लिहावीत. अध्यक्षांना लिहू देऊ नये. वहिनींना पुन्हा नमस्कार.’

शेवटची वाक्यं अण्णासाहेबांनी न गाळता वाचली, हे मी मुद्दाम नोंदवतो. माझ्याने झालं नसतं.

एकतीस चेहरे त्यांच्याकडे वळलेले आणि बत्तिसावा अलकाबाईंचा.

“चिटणीस,” ते म्हणाले, “ठराव लिहा. करंजवाडी ग्रामस्थांची अट मान्य. अट पाळायची तर यंत्र मुलांच्याच हाताशी हवं. सबब, कॉम्प्युटर चौथीच्या वर्गातच राहील. कायम.”

बाकी गोंगाटात ऐकू आलं नाही. वैभवी बाईंच्या कमरेला मिठी मारून उड्या मारत होती आणि चुकून, पहिल्यांदाच, त्यांना बाई म्हणत होती. अलकाबाई हसत होत्या की रडत होत्या ते चेहऱ्यावरच्या खडूमुळे कळत नव्हतं.

सोमवारी सकाळी अण्णासाहेब चौथीच्या दारात उभे होते. हातात नवी वही.

“अलकाबाई, कॉम्प्युटरचा तास किती वाजता असतो?”

“अकराला. पण तो मुलांचा असतो.”

“मी मागे बसेन.”

ते धवलच्या शेजारी बसले, गुडघे छातीशी घेऊन. नंबर आला तेव्हा सनाने माऊस त्यांच्या हातात दिला आणि घड्याळ लावलं. स्वतःचं नाव लिहायचं होतं. सुरुवात ‘ए’ने. कुणी सांगायचं नाही, असा अलकाबाईंनी वर्गाला दम दिला होता. अण्णासाहेबांनी कीबोर्डची वरची ओळ पाहिली, मधली पाहिली, खालची पाहिली, परत वरची पाहिली. मुलांनी ओठ दाबून धरले होते. धवल तर बाकाखाली गेला होता.

पाच मिनिटं संपली. ‘ए’ सापडला नव्हता.

“टाइम अप, अंकल,” सना म्हणाली.

“अजून एक मिनिट,” अण्णासाहेब म्हणाले, आणि माऊस दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.